तीन अंकी नाटक, 67 जीबी: मोठे व्हिडिओ लहान करून ठेवायची रीत

गोव्यात, फोंड्याकडच्या अंत्रुज महालातल्या आमच्या गावात जत्रेचं नाटक रात्री बाराच्या आधी सुरू होत नाही, आणि शेवटचा पडदा पडतो तेव्हा पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू यायला लागलेला असतो. हल्ली प्रत्येक नाटक कुणी ना कुणी कॅमेऱ्यावर घेतंच. घेणारा बहुतेक वेळा विशीतला पोरगा असतो, आणि आठवडाभरात तो तोंड पाडून कुणाकडे तरी जातो. यंदा माझा भाचा माझ्याकडे आला. "मामा, डिस्क भरली. गेल्या वर्षीचं नाटक डिलीट करू की चवथीच्या आरत्या?"

काहीच डिलीट करू नको म्हटलं, आधी बस. त्या संध्याकाळी त्याला जे दाखवलं तेच इथे लिहितो आहे. हातात एक लॅपटॉप, एक दोन टीबीची हार्ड डिस्क आणि 'कोडेक' हा शब्द फक्त ऐकलेला, एवढ्या भांडवलावर हे सगळं जमतं. पैसे लागत नाहीत. वेळ मात्र लागतो, तोही बहुतेक तुम्ही झोपलेले असतानाचा.

आधी हिशेब

व्हिडिओ किती जागा खाणार हे त्याच्या लांबीवर आणि बिटरेटवर ठरतं. बिटरेट म्हणजे एका सेकंदाला किती माहिती लिहिली जाते तो आकडा, एमबीपीएसमध्ये (सेकंदाला मेगाबिट). एक एमबीपीएस म्हणजे तासाला 450 एमबी. म्हणून बिटरेटला 0.45 ने गुणलं की तासाचे जीबी मिळतात. हे एकच गणित पाठ करा.

भाच्याने भाड्याने आणलेला कॅमेरा 50 एमबीपीएसने लिहीत होता. तासाला 22.5 जीबी, तीन तासांचे 67.5 जीबी. जुन्या एव्हीसीएचडी हँडिकॅमवर 24 एमबीपीएसचा दर्जा ठेवला तर तासाला 10.8 जीबी होतात. मिररलेस कॅमेऱ्यावर फोर-के 100 एमबीपीएसने घेतलंत तर तासाला 45. आणि श्रावणातल्या वास्कोच्या सप्ताहासारखं अखंड चोवीस तासांचं भजन कुणी 24 एमबीपीएसने सलग घेतलं, तर एका दिवसाचे 259 जीबी झाले. अशी चार वर्षं एका टीबीच्या डिस्कवर मावत नाहीत, कारण त्यांचे 1,037 जीबी होतात. शिवाय दुकानदाराचा एक टीबी विंडोजमध्ये 931 जीबी दिसतो. कुणी फसवलेलं नसतं. दोघांची मोजायची मापं वेगळी.

तुमच्या फाइलचा बिटरेट बघायला विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. 'टोटल बिटरेट' केबीपीएसमध्ये असतो, त्याला हजाराने भागा. जास्त खोलात जायचं तर मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम घ्या. कोडेक, फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं), आवाजाचे ट्रॅक किती, सगळं एका पानावर दाखवतो. व्हीएलसीमध्ये कंट्रोल आणि जे दाबलं तरी बरंचसं कळतं.

डिस्कवरच्या फाइली आकाराप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या दहा बघा. भाच्याच्या डिस्कवर वरच्या अकरा फाइलींनी निम्म्याहून जास्त जागा अडवली होती. उरलेल्या चारशे-पाचशे फाइलींच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता. आलेले व्हॉट्सॲप व्हिडिओ आधीच पिळून निघालेले असतात, त्यांना हात लावू नका. जुन्या लग्नाच्या डीव्हीडीही सोडून द्या. एकेक जेमतेम साडेचार जीबीची, तिच्यातून वाचणार किती?

बरणी आणि लोणचं

एमपी4, एमओव्ही, एमकेव्ही, एमटीएस ही बरण्यांची नावं. आतलं लोणचं म्हणजे कोडेक, चित्र दाबून लिहायची पद्धत. बरणीवरचं लेबल बदलून आतलं मिस्कुट कमी होत नाही, तसं फाइलच्या नावात एमओव्हीच्या जागी एमपी4 लिहून एक एमबीसुद्धा वाचत नाही. झिप करूनही नाही. कॅमेऱ्याने ते आधीच दाबून भरलेलं असतं, झिपला पिळायला काही उरत नाही.

कोडेक तीन लक्षात ठेवा. एच.264 हा 2003 चा, बहुतेक जुन्या टीव्हीवरही चालतो. एच.265, म्हणजेच एचईव्हीसी, 2013 चा. साधारण तेवढाच दर्जा जवळजवळ निम्म्या जागेत ठेवतो, पण बनवायला खूप वेळ घेतो आणि जुने टीव्ही त्याला ओळखत नाहीत. एव्ही1 हा 2018 चा, आणखी काटकसरी, पण घरातल्या जुन्या यंत्रांवर तो चालेलच असं नाही. साठवणीसाठी मी सध्या एच.265 वर थांबलो आहे.

हे कोडेक जागा वाचवतात कशी, ते थोडं समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. प्रत्येक चित्र पूर्ण न लिहिता, मागच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच लिहिलं जातं. नाटकात मागचा महालाचा पडदा तासभर हलत नाही, कॅमेरा स्टँडवर असतो, दोन पात्रं उभी राहून बोलतात. असलं चित्रण झपाट्याने लहान होतं. उलट शिगम्यातला, म्हणजे आमच्या होळीच्या उत्सवातला, रोमटामेळ घ्या: शंभर माणसं नाचताहेत, गुलाल उडतो आहे, निशाणं फडफडताहेत, आणि घेणाराही ढोलाच्या तालावर हलतो आहे. प्रत्येक चित्रात सगळंच नवीन. पावसातल्या दूधसागरचंही तसंच. तिथे जागा वाचते ती थोडीच, आणि जबरदस्तीने वाचवायला गेलात तर पाण्याचे चौकोनी ठोकळे दिसतात.

म्हणून 'मला ही फाइल पाच जीबीची करून हवी' असा आग्रह धरू नका. नवा माणूस हीच चूक करतो. आकार ठरवून दिला की सोप्या दृश्यावर जागा वाया जाते आणि अवघड दृश्य उपाशी राहतं. दर्जा ठरवून द्या आणि आकार जो येईल तो येऊ द्या.

जे लहान करायचंच नाही

धालो ही बायकांची लोकगीतं गाणाऱ्या आजीचं एकुलतं एक चित्रण, घुमट या मातीच्या वाद्यावर आरती म्हणणाऱ्या जुन्या मेळाचं, आता हयात नसलेल्या कलाकाराचं. असल्या फाइली मूळ रूपातच ठेवा, दोन ठिकाणी. पुढे एडिटिंग करायचं असेल तेही मूळच ठेवा, कारण दाबलेल्या फाइलवर रंग बदलताना डाग उमटतात. एकदा दाबलेली फाइल पुन्हा दाबू नका. प्रत्येक वेळी थोडं गमावलं जातं आणि गेलेलं परत येत नाही.

मोबाइलवर घेतलेलं आधीच एच.265 मध्ये असू शकतं. आयफोन 'हाय एफिशियन्सी'वर 1080पी (फुल एचडी), 30 फ्रेमने मिनिटाला साधारण 60 एमबी घेतो आणि फोर-के, 30 फ्रेमने 170. पहिलं तसंच राहू द्या. दुसरं 1080पी वर उतरवलं तर फायदा होतो. तेही फोर-केची खरंच गरज नसेल तर.

हँडब्रेक

व्हिडिओ दाबून लहान करणारा हा प्रोग्राम फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. फक्त हँडब्रेक डॉट एफआर या त्याच्या स्वतःच्या जागेवरूनच उतरवा. सर्चमध्ये वर येणाऱ्या सारख्या नावाच्या जागांवर जाऊ नका. खुद्द हँडब्रेकच्या एका डाउनलोड सर्व्हरवर मे 2017 मध्ये मॅकची फाइल बदलून मालवेअर ठेवला गेला होता आणि ते उघडकीला यायला चार दिवस गेले. तेव्हा अनोळखी दारात जाऊच नका. विंडोजवर सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट मागितलं तर तेही टाकून घ्या.

आता पायरी पायरीने.

1. व्हिडिओ फाइल ओढून हँडब्रेकच्या खिडकीत टाका. थोडा वेळ ती वाचून घेईल.

2. प्रीसेटमध्ये (तयार मांडण्यांच्या यादीत) 'जनरल'खाली 'फास्ट 1080पी30' निवडा. हा नुसता पाया. यातल्या काही गोष्टी आपण बदलणार आहोत.

3. 'डायमेन्शन्स'मध्ये जाऊन क्रॉपिंग 'नन' करा. हे कुठल्या व्हिडिओत फारसं कुणी सांगत नाही. हँडब्रेक चित्राच्या कडेच्या काळ्या पट्ट्या आपणहून शोधून कापतो. सिनेमासाठी ते छान, पण आपल्या रंगमंचाच्या दोन्ही विंगा काळोखात असतात, आणि काळोख म्हणजे पट्टी असं समजून तो विंगेत उभं असलेलं पात्रही कापू शकतो.

4. 'फिल्टर्स'मध्ये 'इंटरलेस डिटेक्शन' चालू असू द्या. जुन्या हँडिकॅमचं 1080आय चित्रण अर्ध्या-अर्ध्या रेघांनी लिहिलेलं असतं. ते तसंच दाबलं तर फुगडी घालणाऱ्या बायकांच्या हातांना कंगव्याचे दात फुटल्यासारखे दिसतात.

5. 'व्हिडिओ'मध्ये एनकोडर 'एच.265 10-बिट (एक्स265)' घ्या. फ्रेमरेट 'सेम ॲज सोर्स' करा. नावातल्या 30 चा अर्थ असा, की 50 फ्रेमचं चित्रण हा प्रीसेट 30 वर आणतो, आणि 50 चे 30 करताना चालणारा माणूस अडखळल्यासारखा दिसतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, ट्यूबलाइट लुकलुकू नये म्हणून जाणते लोक कॅमेरा 25 किंवा 50 वर ठेवतात. तो तसाच राहायला हवा.

6. 'कॉन्स्टंट क्वालिटी'ची पट्टी आरएफ 22 वर. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. उलटं वाटतं, पण तसंच आहे. हँडब्रेकवालेच 1080पी साठी 20 ते 24, 720पी साठी 19 ते 23 आणि फोर-केसाठी 22 ते 28 असं सुचवतात. एच.264 मध्ये सहा आकडे वर गेलं की फाइल ढोबळमानाने निम्मी होते, यावरून एकेका आकड्याचं वजन लक्षात येईल. 'एनकोडर प्रीसेट' मीडियम ठेवा. घाई नसेल तर स्लो.

7. 'ऑडिओ'. यावर वेगळं बोलू.

8. खाली 'सेव्ह ॲज'मध्ये दुसरी जागा निवडा. भरलेल्या डिस्कवरच नवी फाइल बनवायला सांगितली की अर्ध्यावर जागा संपते. लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर बनवा, नंतर हलवा.

एनकोडरच्या यादीत एनव्हीईएनसी, क्विकसिंक अशी नावंही दिसतील. ते ग्राफिक चिपवर चालतात, पाच-दहापट वेगाने काम करतात, पण तेवढ्याच दर्जाला फाइल मोठी करतात. उद्या सकाळी कुणाला तरी पाठवायचं असेल तर जरूर वापरा. वीस वर्षं ठेवायचं असेल तर एक रात्र थांबायला काय हरकत आहे?

संकासुराची दोन मिनिटं

आता लगेच 'स्टार्ट एनकोड' दाबू नका. तीन तासांची फाइल रात्रभर चालवून सकाळी ती खराब निघाली तर रात्र गेली. आधी दोन मिनिटं करून बघा. सोपी दोन मिनिटं नकोत, सगळ्यांत अवघड दोन मिनिटं घ्या.

हँडब्रेकमध्ये वर 'रेंज' असते. ती 'सेकंद्स'वर ठेवून सुरुवात आणि शेवट लिहा. आता ही अवघड दोन मिनिटं शोधायची कुठे? सकाळच्या उजेडातली पालखी नको, नांदीही नको. आमच्याकडे काल्याच्या, म्हणजे जत्रेतल्या लोकनाट्याच्या, रात्री संकासुर हा राक्षस येतो. काळा वेश, डोक्यावर काळी टोपी, मागे काळोख, आणि अंगावर पडणारा एकच लाल दिवा. तो उड्या मारत येतो, पोरं किंचाळतात, कॅमेरावाला घाबरून झूम करतो. दाबणाऱ्या प्रोग्रामला याहून कठीण परीक्षा नाही. डोळ्याला काळोखातला फरक कमी कळतो असं गृहीत धरून कोडेक पहिली काटकसर काळ्या भागात करतो. मग काळ्या कापडावरच्या चुण्या पुसल्या जातात आणि मागच्या पडद्यावर पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे उमटतात. वर 10-बिट घ्यायला सांगितलं ते याचसाठी. त्याने हे पट्टे बरेच कमी होतात.

ही दोन मिनिटं आरएफ 20, 22 आणि 24 अशा तीन आकड्यांवर बनवा. नावात आकडा लिहा. मग लॅपटॉपवर न बघता घरातल्या मोठ्या टीव्हीवर, खोलीतला दिवा घालवून, तिन्ही बघा. मूळ फाइलपेक्षा फरक दिसत नाही असा सर्वांत मोठा आकडा तुमचा. माझ्या नाटकांना 22 पुरतो. दिवसा उजेडात घेतलेल्या कीर्तनाला 24 वरही कुणाला काही कळलं नाही. माझ्या बायकोला तर 26 वरही कळलं नाही, पण तिचं लक्ष बुवांच्या कथेकडे होतं.

अंधारातल्या चित्रणाची आणखी एक गोम. दिवे कमी म्हणून कॅमेरा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवतो आणि सगळ्या चित्रावर रवा सांडल्यासारखे कण नाचायला लागतात. आपल्याला ते नुसते खरखरीत दिसतात. कोडेकला वाटतं प्रत्येक चित्रात लाखो गोष्टी हलताहेत, आणि तो इमाने इतबारे त्या सगळ्या लिहून ठेवतो. कधी कधी तुमच्या फाइलची निम्मी जागा संकासुराने खाल्लेली नसते, या रव्याने खाल्लेली असते. फिल्टर्समध्ये 'डीनॉइज' आहे. 'एनएलमीन्स' घेऊन 'अल्ट्रालाइट' किंवा 'लाइट'वर ठेवा. फाइल लक्षात येण्याइतकी लहान होते. दोन तोटे आहेत: काम आणखी मंदावतं, आणि जोर वाढवलात तर नटांचे चेहरे मेणाचे दिसतात. आमच्या हौशी मेकअपमध्ये ते तसेही अर्धे मेणाचेच असतात, त्यामुळे जरा जपून.

आवाज

या बाबतीत मी एकदा चांगलाच आपटलो आहे. काही वर्षांपूर्वी एक संगीत नाटक घेतलं होतं. भाड्याचा मोठा कॅमेरा, एका ट्रॅकवर त्याचा स्वतःचा माइक, दुसऱ्या ट्रॅकवर साउंडवाल्याच्या मिक्सरमधून आणलेली वायर. घरी येऊन हँडब्रेकमध्ये टाकलं. त्याने पहिला ट्रॅक घेतला, कारण मुळात तो एकच घेतो. मी चित्र बघितलं, छान होतं, मूळ फाइल पुसून टाकली. महिन्याने नाटकातल्या नायिकेच्या घरचे पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यांना दिलेल्या प्रतीत नाट्यपदं कुठेतरी दूर विहिरीतून आल्यासारखी होती, आणि जवळून स्पष्ट ऐकू येत होता तो मागच्या रांगेतला खाजं फोडल्याचा कडकड आवाज आणि दोन गृहस्थांची काजूच्या भावावरची चर्चा.

तेव्हा ऑडिओच्या पानावर ट्रॅक किती आहेत ते मोजा. एकाहून जास्त असतील तर 'ॲड ऑल'सारखा पर्याय निवडून सगळे घ्या. नंतर कुठला ऐकायचा ते ठरवता येतं.

आवाजात काटकसर करू नका, तिथे वाचण्यासारखं फार नसतंच. मोठा कॅमेरा न दाबलेला पीसीएम आवाज लिहितो तो स्टीरिओचा, 48 किलोहर्ट्झ, 16 बिट असेल तर तासाला सुमारे 0.7 जीबी. एएसी या दाबलेल्या आवाजाचे 160 केबीपीएसला तासाला 72 एमबी होतात. भाषणाला 160 भरपूर झाले. भजन, नाट्यगीत असेल तर 256 ठेवा, तरी तासाला 115 एमबीच. कॅमेऱ्याचा आवाज आधीच एएसी असेल तर 'एएसी पासथ्रू' घ्या. म्हणजे तो न उलगडता तसाच पुढे जातो.

रात्रभर, आणि वीज

कॅमेरे मोठं चित्रण तुकड्यांत लिहितात, कुठे दोन जीबीला एक, कुठे चारला. दाबण्याआधी ते जोडा. लॉसलेसकट नावाचा फुकट प्रोग्राम दर्जा न बिघडवता जोडतो. जोडाच्या जागी आवाज अडखळत नाही ना ते कानाने तपासा. नाहीतर तीन अंकांचे सतरा तुकडे होतात आणि पुढच्या जत्रेला कुणालाच क्रम लागत नाही.

मग सगळं 'ॲड टू क्यू' करा. एक्स265 साध्या लॅपटॉपवर तीन तासांच्या नाटकाला आठ-दहा तासही घेईल. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा, चार्जर लावा, स्लीप बंद करा. मे महिन्यात हे काम करणार असाल तर पंख्याखाली.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते हे सांगायला नको. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय सुरूच करू नका. आणि बरणी एमकेव्ही निवडा. एमपी4 ची अनुक्रमणिका सगळं काम संपल्यावर लिहिली जाते, त्यामुळे पहाटे चारला वीज गेली तर नऊ तासांच्या कामाची फाइल उघडतच नाही. एमकेव्ही निदान तिथपर्यंतची चालते. अर्धी फाइल कामाची नसते हे खरं, पण कुठपर्यंत दर्जा कसा आला ते बघता येतं. एमपी4 च हवं असेल तर नंतर लॉसलेसकटमध्ये नुसती बरणी बदला. मिनिटा-दोन मिनिटांचं काम.

मूळ फाइल पुसायच्या आधी

नवी फाइल आणि जुनी फाइल, दोन्हींची लांबी सेकंदापर्यंत जुळते का बघा. मग नवी फाइल पाच जागी उघडा: अगदी सुरुवात, प्रत्येक अंकाचा मध्य, आणि शेवटची दोन मिनिटं. शेवटाकडे ओठ आणि शब्द जुळतात का ते मुद्दाम बघा. मोबाइलवरचा फ्रेमरेट वरखाली होत असतो, त्यामुळे तासाभरानंतर आवाज पुढे-मागे सरकण्याचा प्रकार होतो. तसं दिसलं तर फ्रेमरेटखालचा 'कॉन्स्टंट' पर्याय निवडून पुन्हा करा. आवाज हेडफोन लावून ऐका. का, ते वर सांगितलंच.

नवी फाइल दोन वेगळ्या डिस्कवर पोचली, दोन्हींवरून चालवून बघितली, आणि वर एक महिना गेला, की मूळ पुसा. महिना का? कारण त्या महिन्यात कुणी ना कुणी येतोच, 'माझं गाणं राहिलं रे' म्हणत.

नावं नीट द्या. दाबलेल्या फाइलवर तारीख आजची पडते, नाटकाची जाते. म्हणून नावाची सुरुवातच वर्ष-महिना-दिवस अशी करा, पुढे गाव, प्रसंग आणि अंक. '2024-02-11-जत्रा-अंक2' असं. वर्ष पुढे असलं की फोल्डर आपोआप क्रमाने लागतो.

गावात वाटायला

साठवणीची फाइल एच.265, पण वाटायला वेगळी प्रत काढावी लागते. सगळ्यांच्या टीव्हीवर चालावी म्हणून एच.264, एमपी4, 1080पी, आरएफ 22 ते 24. आणि ही प्रत मूळ फाइल हाताशी असतानाच काढा, दाबलेल्यावरून नको. पेनड्राइव्ह बरेचदा एफएटी32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल जात नाही. कॉपी अडली की लोक दुसरा पेनड्राइव्ह विकत आणतात. त्याला एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलं तर फाइल जाते, पण जुना टीव्ही तो वाचेलच याची खात्री नाही. मी अंकागणिक वेगळी फाइल करून देतो. प्रत्येक चार जीबीच्या आत बसते, आणि म्हाताऱ्या माणसांना दुसरा अंक शोधायला पुढे ढकलत बसावं लागत नाही.

डिस्क ठेवायची कुठे

गोव्यातल्या जून ते सप्टेंबरच्या हवेत चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, लेन्सच्या आत येते. डिस्क कपाटात उघडी ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. समुद्राजवळ राहत असाल तर खारं वारं जोडणीच्या पिना खातं, वायरही त्याच डब्यात ठेवा. दुसरी डिस्क दुसऱ्या घरात, म्हणजे बहिणीकडे, मित्राकडे, कुठेही, पण त्याच छपराखाली नको. वर्षातून दोनदा दोन्ही डिस्क जोडून एखादी फाइल चालवा. मी ते चवथीच्या आधी आणि शिगम्यानंतर करतो, त्या दिवशी आठवण राहते.

भाच्याचं 67.5 जीबीचं नाटक 6.2 जीबीवर आलं. काल्याची रात्र, जिथे संकासुर आहे, ती तेवढ्याच लांबीला 11 च्या खाली उतरली नाही. मीही ती उतरवायच्या मागे लागलो नाही. डब्याच्या झाकणावर त्याने मार्करने वर्षं लिहिली आहेत आणि खाली 'मामाला विचारल्याशिवाय डिलीट करू नये' असंही.